मागच्या रांगेतून दुसऱ्या रांगेत

पत्र :

ताई, सप्रेम नमस्कार.

मी वनस्पतिशास्त्रात पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला आहे. खारवट मातीत रोपांच्या मुळांचं काय होतं, हा माझा विषय. विद्यापीठाची पुढच्या चार आठवड्यांची कार्यक्रमपत्रिका हातात आली आहे आणि मी मोजले तर १४ कार्यक्रम निघाले. आमच्या विभागाचे दर आठवड्याचे चार सेमिनार, विद्यापीठाची दोन कलोक्वियम (सगळ्या विभागांसाठीची व्याख्यानं), पीएच.डी.च्या दोन खुल्या मौखिक परीक्षा, संख्याशास्त्राची तीन दिवसांची कार्यशाळा, पोस्टर सादरीकरणासह दोन दिवसांचं चर्चासत्र, एक स्मृतिव्याख्यान, नेमणुकीसाठी आलेल्या दोन उमेदवारांची व्याख्यानं आणि इतिहास विभागात जुन्या दुष्काळांच्या नोंदींवर एक व्याख्यान.

सर म्हणतात, "सगळ्यांना जा, कानावरून गेलं पाहिजे." प्रयोगशाळेतला आमचा सीनियर म्हणतो, "वेळ वाया जातो. पेपर वाच, त्यात सगळं असतं." गेले सहा महिने मी सगळ्यांना जातेय. पहिली दहा मिनिटं कळतं, मग धागा सुटतो तो सुटतोच. आजूबाजूचे माना डोलावत असतात. मी आजवर एकही प्रश्न विचारलेला नाही. मनात जुळवाजुळव होईपर्यंत छातीत धडधडायला लागतं आणि तेवढ्यात वेळ संपल्याचं जाहीर होतं. मीच कमी पडते का? आणि या चार आठवड्यांच्या शेवटी विभागात मलाच वीस मिनिटं बोलायचं आहे.

– मागच्या रांगेतली

उत्तर :

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही तुला 'तू'च म्हणते.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा जाऊन वाचलं : आजूबाजूचे माना डोलावत असतात. मी रसायनशास्त्रातली. चाळीस वर्षं अशा सभागृहांत बसले आहे, बोलले आहे, अध्यक्ष म्हणून वक्त्यापुढे वेळेची चिठ्ठीही सरकवली आहे. समोर उभं राहून पाहिलं की कळतं, डोलणाऱ्या मानांपैकी बऱ्याच जणांचा धागा तुझ्याइतकाच सुटलेला असतो. काहींचा तुझ्याआधी सुटतो. फरक एवढाच की त्यांना त्याची सवय झालेली असते आणि तू त्याचा दोष स्वतःकडे घेतेस. तू कमी पडत नाहीस. तुला व्याख्यान ऐकायचं कसं, हे कुणी शिकवलेलं नाही. ते शिकावं लागतं, आणि दुर्दैवानं आपल्या अभ्यासक्रमात त्याला जागा नाही.

धागा दहाव्या मिनिटाला सुटतो, यात आश्चर्य काहीच नाही. शोधव्याख्यानाची घडणच तशी असते. पहिली काही मिनिटं सगळ्यांसाठी : विषय काय, महत्त्वाचा का. मधला भाग त्या शाखेतल्या लोकांसाठी. शेवटचा तिसरा हिस्सा समोर बसलेल्या दोन-चार तज्ज्ञांसाठी, ज्यांना वक्त्याला आपलं काम पटवून द्यायचं असतं. तीन-चार वर्षांचं काम पन्नास मिनिटांत सांगणारा माणूस दहाव्या मिनिटाला हमरस्ता सोडून आपल्या पायवाटेला लागतो, आणि तू तिथे मागे राहतेस. बहुतेक जण तिथेच राहतात.

मग तू काय करतेस? सुटलेलं वाक्य मनात धरून बसतेस, त्याचा अर्थ लावायचा प्रयत्न करतेस, आणि तेवढ्यात पुढची चार वाक्यं निघून जातात. हे थांबव. जो शब्द अडला तो वहीत लिही, शेजारी प्रश्नचिन्ह टाक आणि सोडून दे. पुढचा आलेख पडद्यावर येईपर्यंत शांत बस. आलेख आला की वक्ता काय बोलतो ते अर्धा मिनिट ऐकूही नकोस. आधी आडव्या अक्षावर काय आहे ते वाच, मग उभ्या अक्षावर काय आहे ते, मग एकक कोणतं, मग रेघ कुठे चढते आणि कुठे वळते. आलेख हा व्याख्यानात पुन्हा शिरायचा दरवाजा आहे. मागचं काहीही कळलं नसेल तरी 'हे वाढवलं की ते कमी होतं' एवढं तिथून कळतं, आणि एवढं कळलं की पुढची पाच मिनिटं पुन्हा तुझी होतात. पन्नास मिनिटांत असे सहा-सात दरवाजे येतात. तू आज पहिल्या दरवाज्यातून बाहेर पडतेस ती थेट शेवटच्या टाळ्यांना परत येतेस.

दुसरी गोष्ट तयारीची. तुझ्या सीनियरचं म्हणणं मला अर्धं मान्य आहे : तयारी न करता गेलेलं व्याख्यान बव्हंशी वाया जातं. पण तयारी म्हणजे रात्रभर वाचन नव्हे. अर्धा तास दे. वक्त्यानं पाठवलेला सारांश वाच. त्याचा अलीकडचा एक पेपर काढ, प्रस्तावनेचे पहिले दोन परिच्छेद वाच आणि फक्त आकृत्या बघ. मग वहीच्या डोक्यावर एक ओळ लिही : 'हा माणूस नेमकं काय शोधतोय, असं मला वाटतं?' ही ओळ चुकीची असली तरी चालेल. व्याख्यानात ती चुकीची ठरताना पाहणं, हेच ऐकणं. रिकाम्या मनानं बसलेल्या माणसाला काहीच खटकत नाही, आणि ज्याला काही खटकत नाही त्याला प्रश्न सुचत नाही.

वही म्हटलं म्हणून सांगते. तुझ्याच शास्त्राच्या इतिहासातला हा प्रसंग आहे. नोव्हेंबर १९५१मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात रोझलिंड फ्रँकलिन यांनी डीएनएवरच्या आपल्या क्ष-किरण कामाबद्दल व्याख्यान दिलं. श्रोत्यांत जेम्स वॉटसन होते, पुढे फ्रान्सिस क्रिक यांच्यासह डीएनएची रचना उलगडणारे. त्यांनी टिपणं घेतली नाहीत. डीएनएच्या रेणूसोबत पाणी किती असतं, याबद्दल फ्रँकलिन जे बोलल्या ते त्यांच्या लक्षात चुकीचं राहिलं, खऱ्यापेक्षा फारच कमी. त्या चुकीच्या आकड्यावर वॉटसन आणि क्रिक यांनी तीन सरींचं प्रारूप उभं केलं. ते पाहायला फ्रँकलिन आल्या आणि त्यांनी चूक तिथल्या तिथे दाखवली. प्रारूप सोडून द्यावं लागलं. एवढ्या तल्लख माणसाच्या डोक्यातही एक आकडा आठवडाभर नीट टिकला नाही. तेव्हा आकडे लिहायचे. एकक लिहायचं. 'खूप', 'जास्त', 'लक्षणीय' असे शब्द टिपून काही उपयोग नाही.

आणि व्याख्यान संपल्यावरची दहा मिनिटं मोबाइलला देऊ नकोस. बाहेर व्हरांड्यात उभी राहून वहीत तीन ओळी लिही. प्रश्न काय होता. तो कसा सोडवला. माझ्या मुळांसाठी यातलं काय नेता येईल. तिसरी ओळ कधी कधी कोरी राहील. कोरी राहू दे, ओढूनताणून भरू नकोस. सहा महिन्यांनी वही चाळशील तेव्हा कोणत्या प्रकारच्या व्याख्यानांपुढे ती ओळ भरलेली आहे हे दिसेल, आणि पुढची निवड तुझी तुलाच करता येईल.

आता सीनियरच्या उरलेल्या अर्ध्याबद्दल. पेपरमध्ये सगळं असतं, हे खरं नाही. मी संशोधन करत होते तेव्हा एका प्रसिद्ध झालेल्या पद्धतीनं एक संयुग तयार करायचा दोन महिने प्रयत्न करत होते. पेपरमधली प्रत्येक ओळ पाळूनही ते जमत नव्हतं. त्या गटातला एक संशोधक आमच्याकडे बोलायला आला. प्रश्नोत्तरांत कुणीतरी सहज विचारलं, द्रावण किती वेळ ढवळता? तो म्हणाला, रात्रभर, ते तर सगळ्यांना ठाऊकच असतं. पेपरमध्ये वेळ दिलेलीच नव्हती. मी तासभर ढवळत होते. तो प्रश्न विचारणाऱ्याला मी ओळखत नव्हते, पण त्यानं माझं वर्ष वाचवलं. पेपरमध्ये काय जमलं ते असतं. काय जमलं नाही, हीच पद्धत का निवडली, आता पुढे काय चाललंय, हे माणसाच्या तोंडूनच ऐकावं लागतं. शिवाय पेपर छापून येईपर्यंत काही महिने, कधी वर्षही जातं. व्याख्यानातलं काम आत्ताचं असतं, अजून ओलं असतं.

सेमिनार हा शब्द मुळात लॅटिनमधल्या 'सेमिनारियम'वरून आला. त्याचा अर्थ रोपवाटिका. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीला हे सांगताना मला विशेष आनंद होतो. आणि कलोक्वियम म्हणजे एकत्र बोलणं. दोन्ही शब्दांत एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी गप्प बसायचं, असं कुठेच नाही.

आता तुझ्या १४ कार्यक्रमांकडे येऊ.

विभागाचे चारही सेमिनार धर. ही तुझी घरची व्याख्यानं आहेत. एकाच ठिकाणी दर आठवड्याला बसल्यानं जे होतं ते एखाद्या मोठ्या परिषदेनं होत नाही : कोण कसले प्रश्न विचारतं, कोणती पद्धत वारंवार कानावर येते, तुझ्या विभागात कोणता वाद किती वर्षं चालू आहे, हे हळूहळू उलगडत जातं. पहिल्या वर्षी जे अगम्य वाटतं ते दुसऱ्या वर्षी ओळखीचं वाटू लागतं, आणि त्यासाठी वेगळा अभ्यास करावा लागत नाही. फक्त खंड पडू द्यायचा नाही.

संख्याशास्त्राची कार्यशाळा मुळीच चुकवू नकोस. तू मुळांची लांबी मोजणार आहेस. किती रोपं घ्यायची, एकाच कुंडीतली पाच रोपं पाच निरीक्षणं धरायची की एक, हे प्रयोग लावण्याआधी समजलं पाहिजे. ते नंतर समजलं तर प्रयोगच पुन्हा लावावा लागतो. कार्यशाळा व्याख्यानापेक्षा वेगळी असते, तिथे हातानं करायचं असतं. स्वतःची थोडीशी आकडेवारी घेऊन जा, चार-पाच मोजमापं असली तरी पुरे. उदाहरणाच्या आकड्यांवर केलेलं गणित विसरतं, स्वतःच्या आकड्यांवर केलेलं विसरत नाही.

दोन खुल्या मौखिक परीक्षांपैकी एकीला जा, विषय कोणता का असेना. तीन-चार वर्षांनी तुला तिथेच उभं राहायचं आहे. परीक्षक कुठे थांबवतात, 'हे का केलं नाही' असं विचारल्यावर उमेदवार काय म्हणतो, गडबडल्यावर सावरतो कसा, हे बघ. मी आमच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी दुसऱ्याची एक मौखिक परीक्षा ऐकायला बसवत असे, कारण न पाहिलेल्या परीक्षेची भीती पाहिलेल्या परीक्षेपेक्षा फार मोठी असते.

उमेदवारांच्या व्याख्यानांपैकीही एकाला जा. नेमणुकीसाठी बोलणारा माणूस सगळ्यात जास्त तयारी करून आलेला असतो. आपलं काम कुठून सुरू झालं आणि पुढची पाच वर्षं कुठे जाणार, हे त्याला बाहेरच्यांनाही कळेल असं सांगावंच लागतं. धागा सर्वांत कमी सुटेल तो इथे.

कलोक्वियम एक निवड. निवडताना शीर्षकावर फार विसंबू नकोस. जून १९९३मध्ये केंब्रिजच्या न्यूटन इन्स्टिट्यूटमध्ये गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स यांची तीन दिवस तीन व्याख्यानं झाली. विषय होता मॉड्युलर रूपं, दीर्घवर्तुळी वक्र आणि गाल्वा निरूपणं. फर्माच्या शेवटच्या प्रमेयाचं नावही शीर्षकात नव्हतं. तिसऱ्या व्याख्यानाच्या शेवटी त्यांनी तेच सिद्ध झाल्याचं फळ्यावर लिहिलं. साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ न सुटलेला प्रश्न होता तो. पुढे त्या सिद्धतेत एक फट सापडली, ती १९९४मध्ये बुजली आणि १९९५मध्ये सिद्धता प्रसिद्ध झाली, हेही लक्षात ठेव. व्याख्यानात ऐकलेलं अंतिम नसतं, कितीही मोठ्या माणसानं सांगितलेलं असो. म्हणून शीर्षक बाजूला ठेवून सारांश वाच, आणि ज्या सारांशात तुला एक तरी स्पष्ट प्रश्न सापडेल ते कलोक्वियम घे.

चर्चासत्राचे दोन्ही दिवस पूर्ण बसू नकोस. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सलग व्याख्यानं ऐकली की दुपारनंतर काहीही आत जात नाही. तुझ्या विषयाजवळचं एक सत्र निवड आणि बाकी सगळी शक्ती पोस्टरसाठी राखून ठेव. तुझ्यासारख्या बुजणाऱ्या मुलीसाठी पोस्टर सादरीकरण हा अख्ख्या पत्रिकेतला सर्वांत चांगला कार्यक्रम आहे. तिथे ध्वनिवर्धक नाही, सभागृह नाही. एक पोस्टर, शेजारी उभा त्याचा कर्ता, बहुधा तुझ्याच वयाचा, आणि कुणी थांबेल का म्हणून वाट पाहणारा. त्याच्यासमोर जाऊन म्हण, "दोन मिनिटांत सांगाल का?" तो आनंदानं सांगेल. न कळल्यावर "हे पुन्हा एकदा" म्हणायला तिथे काही वाटत नाही. अशी पाच पोस्टरं केलीस की तुझ्या तोंडून पाच-सात प्रश्न सहज निघालेले असतील, आणि आवाज सापडलेला असेल.

स्मृतिव्याख्यान, दुसरं कलोक्वियम, दुसरी मौखिक परीक्षा, दुसरा उमेदवार यावेळी सोड. मन खाऊ देऊ नकोस. इतिहास विभागाचं व्याख्यान मात्र तुझ्या मनावर. माझं मत विचारशील तर जा, वही न घेता. जुन्या दुष्काळांच्या नोंदी आणि खारवट जमिनीत तगणारी रोपं यांचा काही संबंध लागेलच असं नाही, पण दुसऱ्या शास्त्रातली माणसं पुरावा कशाला म्हणतात ते ऐकणं मला नेहमीच उपयोगी पडलं आहे.

म्हणजे झाले नऊ, इतिहास धरला तर दहा. आता सरांकडे ही यादी घेऊन जा. त्यांचं 'सगळ्यांना जा' हे मला समजतं. विद्यार्थी जाऊन नेमकं काय घेऊन येतो हे मार्गदर्शकाला दिसत नाही, मग तो निदान हजेरी तरी मागतो. त्यांना सांग, "सर, या नऊंना मी तयारी करून जाणार आहे आणि प्रत्येकाच्या तीन ओळी सोमवारी तुम्हाला दाखवणार आहे." आणि खरोखर दाखव. दोन सोमवारांनंतर ते उरलेल्या पाचांबद्दल विचारणार नाहीत.

आता प्रश्नाकडे. तुझ्या पत्राचा खरा गाभा तिथेच आहे, असं मला वाटतं.

छातीतली धडधड ही तुझ्या एकटीची बाब नाही. १० देशांतल्या ३५ संस्थांमध्ये जवळपास २५० शैक्षणिक सेमिनारांचं निरीक्षण करून २०१८मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. श्रोत्यांत स्त्रिया आणि पुरुष साधारण सारखेच असूनही एखादा प्रश्न स्त्रीकडून येण्याची शक्यता पुरुषाकडून येण्याच्या तुलनेत अडीचपटीनं कमी होती. आणखी एक गोष्ट त्यात दिसली : पहिला प्रश्न पुरुषानं विचारला, तर पुढचे प्रश्न स्त्रियांकडून कमी आले. याचा अर्थ, ज्या दिवशी तू पहिला हात वर करशील त्या दिवशी तुझ्या मागे बसलेल्या कुणा दुसऱ्या मुलीची वाटही थोडी सोपी होऊ शकते. हे ओझं म्हणून सांगत नाही. तुझा हात फक्त तुझ्यापुरता नसतो, म्हणून सांगते.

तू प्रश्नाला परीक्षा समजतेस. आपण किती हुशार आहोत हे त्यातून ठरणार, असं तुला वाटतं. वक्त्याच्या बाजूनं बघ. मी कितीतरी वेळा तिथे उभी राहिले आहे, आणि सर्वांत वाईट क्षण कोणता सांगू? आपण बोलून थांबतो, अध्यक्ष विचारतात, "काही प्रश्न?" आणि कुणीच काही बोलत नाही. १९५१च्या उन्हाळ्यात बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या परिसंवादात मक्यावरचं आपलं काम मांडलं : जनुकीय घटक गुणसूत्रावरची आपली जागा बदलतात, हे. श्रोते गोंधळले, बहुतेक गप्प राहिले. या कामाला नोबेल मिळालं ते १९८३ साली. त्या दिवशी कुणी उठून "मला हे कळलं नाही, पुन्हा सांगता का?" एवढं जरी म्हटलं असतं तरी त्या खोलीतली हवा वेगळी झाली असती, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

त्याच १९८३ साली भौतिकशास्त्राचं नोबेल ज्यांना विभागून मिळालं त्या चंद्रशेखर यांचा अनुभव याच्या उलटा. जानेवारी १९३५, लंडन, रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी. ठरावीक मर्यादेपलीकडच्या वस्तुमानाचा तारा श्वेत बटू (इंधन संपल्यावर उरणारा लहान, दाट तारा) म्हणून टिकू शकत नाही, हे चोवीस वर्षांच्या चंद्रशेखर यांनी मांडलं. लगेच पुढे बोलायला उठलेल्या नामवंत खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी त्या कल्पनेची खिल्ली उडवली आणि सभा हसली. चूक एडिंग्टन यांची होती. तुझ्या सभागृहातही कधी कुणी मोठा माणूस कुणाच्या प्रश्नावर किंवा कामावर हसेल. त्या हसण्यानं काही सिद्ध होत नाही. आणि तू मोठी झालीस की तसं हसू नकोस, एवढंच मागणं.

नवख्या माणसानं विचारायचे प्रश्न फार साधे असतात, आणि तेच बहुधा सर्वांत उपयोगाचे ठरतात. मोजमापाबद्दल विचार : "मुळांची लांबी कितव्या दिवशी मोजली आणि तोच दिवस का?" तुलनेबद्दल विचार : "क्षार न घातलेल्या रोपांत हेच दिसलं का?" मर्यादेबद्दल विचार : "दुसऱ्या जातीत हे टिकेल असं तुम्हाला वाटतं का?" आणि अगदीच अडलं असेल तर, "आठव्या स्लाइडवरचा आलेख पुन्हा दाखवाल का? मला उभा अक्ष समजला नाही." हा शेवटचा प्रश्न विचारलास की सभागृहात चार जण सुटकेचा श्वास टाकतील. त्यांनाही तो समजलेला नसतो.

प्रश्न वहीत पूर्ण वाक्यात लिही, एकाच वाक्यात. आधी 'कदाचित हा अगदी मूर्खासारखा प्रश्न असेल' असली प्रस्तावना नको. "मी वनस्पतिशास्त्र विभागाची विद्यार्थिनी" एवढं सांग आणि लिहिलेलं वाच. वाचून दाखवायला काहीच हरकत नाही. हात मात्र टाळ्या संपता संपता वर कर, विचार पूर्ण होण्याची वाट पाहू नकोस. अध्यक्ष नावं टिपतात, तुझी पाळी येईपर्यंत वाक्य नीट करायला वेळ मिळतो. तुझी गाडी आजवर चुकत आली ती याच जागी : तू आधी वाक्य पूर्ण करतेस आणि मग हात उचलतेस.

आणि मागची रांग सोड. मागे बसलं की पुढच्या सगळ्यांच्या पाठी दिसतात आणि आपण प्रेक्षक होतो. दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बस. तिथून वक्त्याचा चेहरा दिसतो, पडद्यावरचे बारीक आकडे दिसतात, आणि बोललं तर ते मान न वळवता थेट त्याच्याशी होतं.

तरीही नाहीच जमलं, तर वक्त्याला बाहेर गाठ. बाहेरून आलेल्या वक्त्याच्या दिवसाच्या वेळापत्रकात पुष्कळदा विद्यार्थ्यांसाठी वेळ ठेवलेली असते. ती बऱ्याचदा रिकामी जाते, कारण सगळ्यांना वाटतं की दुसरं कुणीतरी जाईल. संयोजकांना आदल्या दिवशी दोन ओळींचा निरोप पाठव आणि पंधरा मिनिटं माग. जाताना तुझा एखादा आलेख सोबत ने. लांबून आलेला माणूस एखाद्या रिकाम्या खोलीत पुढच्या भेटीची वाट पाहत बसलेला असतो, आणि कुणीतरी खरं काम घेऊन आलं याचा त्याला मनापासून आनंद होतो. मी स्वतः अशी बसले आहे, म्हणून खात्रीनं सांगते.

उरलं तुझं स्वतःचं व्याख्यान. वीस मिनिटं म्हणजे पंधरा बोलायची आणि पाच प्रश्नांची. पंधरा मिनिटांत सहा महिन्यांचं सगळं काम बसवायचा मोह होईल. ऑगस्ट १९००मध्ये पॅरिसच्या गणित परिषदेत डेव्हिड हिल्बर्ट बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांच्याकडे २३ प्रश्नांची यादी होती. व्याख्यानात त्यांनी फक्त १० मांडले, बाकीचे छापील मजकुरात आले. तूही काप. मुळांबद्दलचा तुझा एक प्रश्न पहिल्या स्लाइडवर एका ओळीत लिही. एकच आलेख निवड आणि तो दाखवताना आधी दोन्ही अक्ष तोंडानं सांग, कारण तुझ्या समोरही दहाव्या मिनिटाला धागा सुटलेली माणसं बसलेली असणार. पहिली चार वाक्यं पाठ कर, बाकीची नको. उत्तर येत नसेल तिथे "हे मी अजून तपासलेलं नाही" असं स्पष्ट म्हण आणि प्रश्न वहीत लिहून घे. प्रत्यक्ष लिहून घे, सगळ्यांसमोर.

सराव मोठ्यानं उभं राहून करायचा, निदान तीनदा. तिसऱ्या वेळी त्या सीनियरला बोलाव. घड्याळ त्याच्या हातात दे, पंधराव्या मिनिटाला मला थांबव म्हणून सांग, आणि मग त्याला म्हण की आता तीन प्रश्न विचार, पेपरमध्ये ज्यांची उत्तरं मिळणार नाहीत असे.